वॉर्डात कुणाचं चालतं?

कोल्हापूर जिल्ह्यात सरकारी मनोरुग्णालय नाही. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. त्यामुळे चंदगड, आजरा, भुदरगडकडचा पेशंट आधी कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात येतो, नाहीतर शहरातल्या खासगी दवाखान्यात, आणि तिथं निभावलं नाही तर आंबा घाट उतरून रत्नागिरीला. बरोबर भाऊ, मेहुणा, चुलता, कधी गावातला एखादा कार्यकर्ता. गाडीत बसवताना त्याला काय सांगितलेलं असतं? "बीपी दाखवून येऊया", किंवा "जोतिबाला जाऊन येऊया". म्हणजे सिस्टरांच्या समोर तो पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याच्या आयुष्यातला एक मोठा निर्णय त्याला न विचारता, वर खोटं सांगून, होऊन गेलेला असतो. पुढची नर्सिंग या पायावर उभी करायची असते.

मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा पेशंटला बरेच हक्क देतो आणि ते चांगले हक्क आहेत. पण डॉक्टरांचा राउंड दिवसातून एकदा, फार तर दोनदा. उरलेल्या वेळेत दार कोण उघडणार, फोन कोण लावून देणार, गोळी कशी पुढं येणार, रात्री दोन वाजता पाणी मागितलं तर कोण उठणार, हे सगळं सिस्टर, ब्रदर, वॉर्डातल्या मावशी आणि मामा ठरवतात. स्वतःबद्दल ठरवणं पेशंटच्या हातातून जातं ते अशा बारीकसारीक जागी. आणि परत देता येतं तेही तिथंच. यातल्या बहुतेक गोष्टींना कुणाची ऑर्डर लागत नाही.

आल्या आल्या

अॅडमिशनच्या टेबलाजवळ नातेवाईक एकदम सुरू होतात. "लई मारायलाय बगा, कुणाचं ऐकंना झालाय." पेशंट शेजारी उभा राहून सगळं ऐकत असतो. इथं एक साधा क्रम पाळावा: पेशंट शांत बसू शकत असेल तर पहिला प्रश्न त्याला. आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग जागा खरी सांगायची. "हा मानसोपचाराचा वॉर्ड आहे. तुम्हाला इथं कशासाठी आणलंय हे कुणी सांगितलंय का?" मग पाच मिनिटं ऐकायचं. मध्ये भाऊ बोलला तर, "दादा, तुमचंही सगळं ऐकणार आहे, आधी यांचं होऊ दे." पेशंट मारहाणीच्या तयारीत असेल तर क्रम उलटा करावा लागतो, पण तेव्हाही नातेवाइकांशी बोलणं त्याच्या कानाआड करावं.

यात सभ्यता आहे तशी माहितीही आहे. नातेवाईक सांगतात तो राग. पेशंट सांगतो ते चार रात्री न झोपणं, दोन दिवस न जेवणं, दारू अचानक बंद केल्यावर सुटलेला हाताचा कंप. शेवटची गोष्ट कळली नाही तर ज्याला आपण वेडसरपणा समजतोय ती दारू तुटल्यानंतरची धोक्याची अवस्था निघते, आणि तिचे उपचार वेगळे आहेत. याच वेळी मनगटं आणि घोटे बघावेत. दोरीचे, साखळीचे वळ असतात, चटके असतात, देवर्षाकडं नेऊन आणलेल्या खुणा असतात. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. जखम कुठं, किती सेंटिमीटर, ताजी की जुनी, आणि पेशंट तिच्याबद्दल काय म्हणतो, त्याच्या शब्दांत केसपेपरवर यावं.

मग येतो तो प्रश्न ज्याचं उत्तर वॉर्डातल्या अर्ध्या स्टाफला विचारलं तर नीट मिळत नाही: हा पेशंट कुठल्या प्रकारे दाखल आहे? दोन मुख्य प्रकार आहेत. स्वतंत्र दाखल, म्हणजे त्यानं स्वतः मागणी करून. त्याला त्याच्या संमतीशिवाय उपचार देता येत नाहीत, आणि त्यानं घरी जायचं म्हटलं तर सोडावं लागतं. त्याची स्थिती कायद्यात सांगितलेल्या धोक्यांत बसते असं वाटलं तरच, तपासणीसाठी, फार तर २४ तास थांबवता येतं. दुसरा प्रकार आधारासह दाखल, कलम ८९. त्यात अर्ज प्रतिनिधीचा, म्हणजे पेशंटच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाचा, दोघांची स्वतंत्र तपासणी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, पेशंट बाई किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांत आणि बाकीच्यांचं ७ दिवसांत कळवायचं. प्रतिनिधीनं पेशंटच्या वतीनं संमती दिली असेल तर दर ७ दिवसांनी पुन्हा बघायचं, की आता तो स्वतः ठरवू शकतोय का.

हे सात दिवस फार महत्त्वाचे, आणि नेमके तेच विसरले जातात. पहिल्या दिवशी "याला काही कळत नाही" असं लिहिलं गेलं की ते चिकटून बसतं. दहाव्या दिवशी तो पेपर वाचतोय, शेजारच्याशी उसाच्या दराबद्दल बोलतोय, तरी संमती भावाचीच घेतली जाते. कायदा उलट सांगतो. प्रत्येकाला निर्णयक्षमता आहे असंच धरून चालायचं. त्याला उपचाराविषयीची माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, आणि तो बोलून, हातवारे करून, कसंही आपला निर्णय सांगू शकतो का, एवढं बघायचं. दुसऱ्यांना निर्णय चुकीचा वाटतो, यावरून क्षमता नाही असं ठरत नाही. सिस्टरांनी इथं करायचं काम सोपं आहे: सातव्या दिवसाची तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवायची, आणि त्या सकाळी राउंडला डॉक्टरांना आठवण करायची.

बऱ्याच सिस्टरांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी झालेली मानसिक आरोग्य परिचारिका ही कायद्याच्या भाषेत मानसिक आरोग्य व्यावसायिक आहे. कलम ८९ च्या दोन तपासण्यांपैकी दुसरी तपासणी ती करू शकते. म्हणजे "आम्ही काय, ऑर्डरप्रमाणे चालणारी माणसं" हे म्हणणं पुरतं खरं नाही.

सामान, साडी, मंगळसूत्र

दाखल झाल्यावर अंगावरचं काढून घ्यायची पद्धत आहे. ओढणी, परकराची नाडी, पट्टा, काचेच्या बांगड्या, चार्जरची वायर. गळफासाचा आणि कापून घ्यायचा धोका खरा आहे, त्यामुळे यातल्या काही गोष्टी काढाव्या लागतात. पण कशा काढायच्या, यावर बरंच अवलंबून असतं.

मंगळसूत्राचं घ्या. मावशी येतात, "काढा ते, हितं चालत न्हाई" म्हणतात, आणि हात पुढं करतात. बाईला वाटतं, नवरा गेला का? की याच नवऱ्यानं सोडलं म्हणून इथं आणून टाकलं? आणि मग जो आरडाओरडा होतो तो "आक्रमक वर्तन" म्हणून लिहिला जातो. त्याऐवजी बाजूला घेऊन, बाई स्टाफनं, आधी कारण सांगावं. मग विचारावं: "मंगळसूत्र तुमच्या आईजवळ देऊ, की इथं कपाटात ठेवू?" तिच्या समोर रुमालात बांधायचं, मणी-वाट्या मोजून वहीत लिहायचं, तिची सही किंवा अंगठा आणि एक साक्षीदार घ्यायचा. तिला नवऱ्याच्या हातात द्यायचं नसेल तर द्यायचं नाही. धोका नाही असं तपासणीत दिसलं तर काढायचंच नाही. गरज नसताना सगळ्यांचं सगळं काढून घेणं सोयीचं असतं, सुरक्षित असतंच असं नाही.

कपड्यांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कलम २० प्रमाणे पेशंटला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही, जबरदस्तीनं केस काढायचे नाहीत, पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू मिळाल्या पाहिजेत, काम करायची सक्ती नाही आणि काम केलं तर मोबदला. उवा झाल्यात म्हणून डोकं भादरणं हे अजून कुठं घडत असेल तर ते बेकायदा आहे. पर्मेथ्रिनचं औषध आणि फणी पुरते, दहा दिवसांच्या आत पुन्हा एकदा लावावं लागतं. पाळीसाठी पॅड मागायला बाईला ब्रदरसमोर उभं राहावं लागू नये. बाथरूमजवळच्या कपाटात ठेवले की मागायचा प्रश्नच उरत नाही.

मोबाईलवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात. कलम २६ नं फोन करणं, घेणं, भेटायला आलेल्याला भेटणं किंवा न भेटणं हे हक्क दिलेत, वॉर्डाच्या वाजवी वेळा आणि नियम सांभाळून. वकील, प्रतिनिधी, न्यायाधीश आणि मंडळाचे सदस्य यांच्याशी संपर्क मात्र त्या नियमांत अडवता येत नाही. वेळ भिंतीवर मराठीत लिहिलेली असावी आणि ती सगळ्यांना सारखी असावी. "आज नीट वागलास तर फोन देतो" हे वाक्य ज्या क्षणी तोंडातून येतं त्या क्षणी हक्काचं बक्षीस होतं. आणि त्यात "वागलास" आहे. घरी दोन पोरांचा बाप असलेल्या माणसाला वॉर्डात आल्याबरोबर अरेतुरे करायला लागतो, तिथूनच सुरुवात होते. नावानं, नाहीतर मामा, दादा, आक्का, काकू, पण तुम्ही.

तंबाखूचंही तसंच. आपल्याकडं पुरुष तंबाखू मळतात, बायका मिश्री लावतात, आणि वॉर्डात ते अचानक बंद होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची चिडचिड, झोप न लागणं हे बरेचदा निकोटिन तुटल्याचं असतं. निकोटिनचं च्युइंगम डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, आणि ते सारखं चावायचं नसतं, झणझणलं की गालात धरून ठेवायचं हे शिकवावं. विडी-सिगारेटवाल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट: धुरातल्या घटकांमुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं शरीरातून लवकर निघून जातात. वॉर्डात धूर बंद झाला की त्याच डोसात रक्तातलं औषध वाढतं, आणि पेशंट झोपाळू होतो, लाळ गळते, क्लोझापिनवर असेल तर फिटही येऊ शकते. घरी गेल्यावर पुन्हा ओढायला लागला की उलटं. मिश्री, गुटखा, मळलेली तंबाखू यानं असं होत नाही, कारण तो परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून "व्यसन आहे का" एवढं विचारून भागत नाही. काय, कसं आणि दिवसाला किती, हे विचारावं.

गोळी

सत्तेचा सगळा खेळ उघडा पडतो तो रात्रीच्या गोळ्यांच्या वेळी. ट्रॉली येते, रांग लागते, गोळी तळहातावर, पाणी, "तोंड उघडा, जीभ वर करा", पुढचा. तोंड तपासावं लागतं, कारण गोळ्या गालात धरून साठवणारे पेशंट असतात, आणि साठवलेल्या गोळ्या एकदम घेणारेही. पण तोंड तपासणं आणि माणसाशी न बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोळी देताना नाव, ती कशासाठी, आणि आज काही बदललंय का, एवढं सांगायला वीस सेकंद लागतात. कालपर्यंत पांढरी गोळी होती, आज कंपनी बदलल्यानं पिवळी आली, तर तो घेणार नाहीच. संशय हा ज्याचा आजारच आहे त्याला न सांगता रंग बदललेली गोळी देणं म्हणजे नकार ओढवून घेणं.

नकार आला की पहिला प्रश्न "का?" आणि तो खरोखर उत्तर हवं म्हणून विचारलेला. उत्तरं बहुतेक पटण्यासारखी असतात. "सकाळी उठवत न्हाई, धारा काढायला कोण जाणार?" "तोंड लई कोरडं पडतंय." नवरा-बायकोच्या संबंधांतली अडचण असेल तर पुरुष ती सिस्टरांना सांगत नाहीत, ब्रदरना सांगतात. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर उपाय असतो: वेळ बदलणं, डोस विभागणं, औषध बदलणं. तो डॉक्टरांनी करायचा, पण तक्रार त्यांच्यापर्यंत पोचवणं सिस्टरांच्या हातात. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारलं तर बरेच जण घेतात. नाही घेतली तर वेळ, कारण आणि कुणाला कळवलं ते लिहून मोकळं व्हायचं. एका डोसावरून कुस्ती करायची गरज क्वचितच असते.

घरचे लोक करतात तो दुसरा प्रकार, आमटीत नाहीतर चहात औषध घालून देणं. त्यामागं प्रेम असतं, हतबलता असते, हे मान्य. पण रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात किंवा कोल्ड्रिंकमध्ये घालायचं नसतंच, त्यात ते टिकत नाही. पाणी किंवा दूध चालतं. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात. अर्धा कप चहा ओतून दिला तर किती औषध पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही, डॉक्टर समजतात औषध लागू पडत नाही, डोस वाढतो. आणि ज्या दिवशी पेशंटला कळतं त्या दिवसापासून तो घरचं जेवणच सोडतो. वॉर्डात हे करू नयेच. घरच्यांना रागवण्याऐवजी हे परिणाम एकेक करून सांगावेत, आणि पर्याय म्हणून दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायच्या इंजेक्शनबद्दल पेशंटसमोर, पेशंटशी बोलावं.

आता ज्या चुकीनं सगळ्यात जास्त अन्याय होतो ती. हॅलोपेरिडॉलसारखी औषधं सुरू झाल्यावर काही दिवसांत काहींना अकाथिजिया होतो. माणूस म्हणतो, "आत काहीतरी वळवळतंय, एका जागी बसवत न्हाई." येरझाऱ्या घालतो, उभ्या उभ्या एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकतो, रात्री उठून दारापाशी जातो. चार्टवर लिहिलं जातं, "अॅजिटेटेड". एसओएस, म्हणजे गरज लागली तर द्यायची, ऑर्डर असतेच, त्यामुळे हॅलोपेरिडॉलचं आणखी एक इंजेक्शन. त्यानं वळवळ वाढते, मग पुन्हा इंजेक्शन, मग बांधणं. औषधाचा त्रास झाल्याबद्दल माणसाला शिक्षा. ओळखायचं कसं? दोन मिनिटं बसलेला बघा, दोन मिनिटं उभा बघा, पाय थांबतात का. मग विचारा: "हे मनातलं बेचैन वाटणं आहे, की पायच थांबत नाहीत? आणि हे औषध सुरू व्हायच्या आधी होतं का?" पाय थांबत नाहीत आणि आधी नव्हतं, असं उत्तर आलं तर इंजेक्शन न देता डॉक्टरांना फोन. डोस कमी करणं किंवा प्रोप्रॅनोलॉल हे त्यांचे नेहमीचे उपाय. त्याआधी दमा आहे का आणि नाडी किती, हे सिस्टरांनी तयार ठेवावं. इंजेक्शननंतर मान एका बाजूला ओढली गेली, डोळे वर फिरले, जीभ जड झाली तर तो डिस्टोनिया, तरुण मुलांत जास्त दिसतो. नाटक करतोय असं म्हणून तो सोडून देऊ नये, उपचारानं थोड्या वेळात उतरतो.

एसओएस ऑर्डरबद्दलही आग्रह धरावा. नुसतं "एसओएस इंजेक्शन" लिहिलेला कागद म्हणजे रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरच्या हातात दिलेली कोरी सही. कशासाठी, किती मिलिग्रॅम, दोन डोसांत किती अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, आणि त्याआधी काय करून बघायचं, हे पाच मुद्दे लिहून मागायला संकोच करू नये.

माहिती देण्याबद्दल एक आपल्याकडचं उदाहरण. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावरच्या बाईला नवरात्राचे नऊ दिवस उपवास करायचे असतात. "उपवास करायचा नाही" असं फर्मान काढलं तर ती करणारच, फक्त सांगणार नाही. त्यापेक्षा तिला कारण सांगावं: पाणी आणि मीठ कमी पडलं की लिथियम रक्तात साठतं. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० mEq/L असावी, तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी, १.५ च्या वर धोका. हात जास्त थरथरायला लागले, जुलाब-उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं की गोळी थांबवून लगेच दवाखाना. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेननंही ते वाढतं. एवढं कळल्यावर ती स्वतःच म्हणते, मीठ चालेल असा उपवास करते, पाणी पीत राहते, किंवा यंदा उठता-बसता दोनच दिवस धरते. निर्णय तिचा राहतो, आणि तो आपल्या फर्मानापेक्षा सुरक्षित असतो.

बांधणं

६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून गेले. साखळीनं बांधणं आता कायद्यानं पूर्ण बंद आहे, एकट्याला कोंडून ठेवणंही. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा दुसऱ्याला त्याच क्षणी इजा होणं टाळायला दुसरा मार्गच नसेल, आणि तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. हे शेवटचं कलम ९७ मध्ये स्वच्छ लिहिलंय. प्रत्येक वेळी २४ तासांत प्रतिनिधीला कळवायचं, कारण आणि पद्धत लिहायची, आणि महिन्याच्या अहवालात मंडळाकडं पाठवायचं.

बांधावं लागलंच तर मऊ, रुंद सुती पट्टे. दोरी, साडीची पट्टी, गॉज हे ओढल्यावर आवळत जातात आणि हाताच्या नसा दाबल्या जातात. पट्टा आणि कातडी यांत दोन बोटं सरकली पाहिजेत. गाठ एका झटक्यात सुटणारी, पेशंटच्या हाताला न लागणारी, आणि ती कॉटच्या चौकटीला. वर-खाली होणाऱ्या कठड्याला बांधलं तर कठडा खाली केल्यावर खांदा निखळू शकतो. पाठीवर, डोकं जरा उंच. पालथं कधीही नाही, छातीवर गुडघा कधीही नाही. अशानं श्वास कोंडून माणसं मेलेली आहेत. दर १५ मिनिटांनी श्वास, बोटांचा रंग आणि ऊब. झोपेचं इंजेक्शन दिलं असेल तर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी बीपी, नाडी आणि श्वासाचा वेगही. पाणी, लघवी यांचं आपण होऊन विचारायचं. दोन तासांच्या आत एकेक हात-पाय सोडून हलवायचा, आणि प्रत्येक वेळी पुढचा प्रश्न: आता पूर्ण सोडता येईल का?

त्याच्याशी एक माणूस सतत बोलत असावा, बाकीच्यांनी गप्प राहावं. चार जण एकदम ओरडले तर घाबरलेला माणूस जास्तच हात-पाय मारतो. सुटल्यावर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, बसून विचारावं: कशानं एवढं झालं, आम्ही आधी काय केलं असतं तर बरं झालं असतं? उत्तर बरेचदा अगदी बारकं निघतं. जेवणाच्या वेळी टीव्ही बंद केला, बहिणीचा फोन दिला नाही. ते पुढच्या पाळीसाठी लिहून ठेवावं.

इंग्लंडमध्ये सेफवर्ड्स नावाच्या पद्धतीची ३१ वॉर्डांत चाचणी झाली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात काही महागडं नव्हतं: स्टाफनं स्वतःबद्दल थोडी माहिती पेशंटना देणं, नाही म्हणताना कारण सांगणं, वाईट बातमी येणार असेल तर आधी तयारी करणं, पाळी बदलताना प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगणं. भांडणतंट्याचे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी आणि बंधन, सक्तीचं इंजेक्शन असल्या उपायांचा वापर सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाला. यातलं काहीही इथं करता येण्यासारखं आहे.

लिहिणं

केसपेपरवर पेशंटचा आवाज नसतो, आणि नंतर तोच कागद त्याच्याबद्दल बोलतो. "अनकोऑपरेटिव्ह", "डिमांडिंग", "मॅनिप्युलेटिव्ह" असा एक शिक्का पडला की पुढच्या तीन पाळ्या त्याच चष्म्यातून बघतात. दिसलं आणि ऐकलं ते लिहावं. "रात्री ९ वा. ओलान्झापिन नाकारलं. म्हणाले, 'सकाळी उठवत न्हाई.' ९.१५ ला पुन्हा विचारलं, नाही म्हणाले. ९.२० ला डॉक्टरांना फोनवर कळवलं. १० वा. झोपले." हे लिहायला एक मिनिट जास्त लागतं आणि डॉक्टरांना लगेच काय बदलायचं ते कळतं. लिहिताना पेशंट हे वाचेल असं धरूनच लिहावं. कलम २५ प्रमाणे स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागायचा त्याला हक्क आहे.

इथं सिस्टरांच्या बाजूनं एक गोष्ट बोललीच पाहिजे. सर्जिकल वॉर्डातून कालच बदलून आलेली, मानसोपचाराचं वेगळं प्रशिक्षण नसलेली, कंत्राटावरची सिस्टर रात्री एकटी सगळा वॉर्ड सांभाळते. डॉक्टर फोनवर "बांधून ठेवा" म्हणून मोकळे होतात, नातेवाईक अंगावर येतात, आणि काही झालं तर पहिली नोटीस तिला. वरून दाबलेला माणूस खाली दाबतो. सिस्टर मावशीला बोलते, मावशी पेशंटला. हे फक्त चांगुलपणाच्या व्याख्यानांनी सुटणार नाही, जागा भराव्या लागतील. तोवर स्वतःला वाचवण्याचा आणि पेशंटलाही वाचवण्याचा एक मार्ग आहे: फोनवरची ऑर्डर वेळ आणि नावासह लिहायची, सही सकाळी घ्यायची, आणि "रात्री स्टाफ १, पेशंट इतके" हे रोज रिपोर्टबुकात आकड्यात टाकायचं. माणसं कमी आहेत हे बांधण्याचं कारण होऊ शकत नाही, पण माणसं मागण्याचं कारण नक्की होऊ शकतं, आणि त्याला लेखी पुरावा लागतो.

घरी जाताना

डिस्चार्जच्या दिवशी बोलणं पुन्हा भावाशी होतं. गोळ्यांची पिशवी भावाच्या हातात, तारीख भावाला. पेशंट बॅग घेऊन दाराशी. हे बदलायला फार काही लागत नाही. खुर्ची ओढून दोघांना बसवायचं आणि पिशवी पेशंटच्या पुढ्यात ठेवायची. कुठली गोळी कधी, हे त्यालाच परत सांगायला लावायचं. आजार परत येताना पहिल्यांदा काय बदलतं हे त्यालाच विचारायचं, त्याच्याच शब्दांत कार्डावर लिहायचं: "झोप तीन तासांवर येते", "शेजारी कुजबुजतात असं वाटायला लागतं", "पैसे उधळायला लागतो". मग तसं झालं तर कुणी काय करायचं ते, त्याच्या संमतीनं.

आगाऊ सूचनापत्र करायची वेळही हीच, कारण आता त्याचं डोकं ठिकाणावर आहे आणि नुकतंच काय झालं ते आठवतंय. सज्ञान कुणीही ते लेखी करू शकतो, आधी कधी आजार झालेला असो वा नसो. पुढं आजारात निर्णय घेता येईनासा झाला तर कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, आणि आपल्या वतीनं प्रतिनिधी म्हणून कोण बोलेल, हे त्यात लिहायचं. सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. ते केव्हाही बदलता येतं. तातडीच्या उपचारांना ते लागू होत नाही, पण तातडीचे उपचारही ७२ तासांपुरतेच, आणि त्यात विजेचे झटके देता येत नाहीत. बायकोऐवजी बहिणीला प्रतिनिधी नेमता येतं का, असे प्रश्न येतात. उत्तर असं, की पेशंट सज्ञान आहे आणि त्याला ज्याच्यावर विश्वास आहे तो सज्ञान, तयार असलेला माणूस चालतो, नातं कुठलंही असो. वाद व्हायची भीती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं फुकट सल्ला मिळतो, फोन १५१००. दाखल असताना वाईट वागणूक मिळाली तर आधी संस्थेच्या प्रमुखाकडं आणि तिथं समाधान झालं नाही तर मंडळाकडं लेखी तक्रार करता येते. ती लिहून द्यायला पेशंटला मदत करणं हेही नर्सिंगचंच काम आहे, तक्रार आपल्याच वॉर्डाची असली तरी.

कार्डाच्या मागं टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहावा, रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं. आणि पुढची तारीख देताना एसटी किती वाजता सुटते ते विचारावं. चंदगडच्या माणसाला सकाळी नऊची वेळ दिली तर तो येणार नाही, आणि केसपेपरवर लिहिलं जाईल, "पेशंट फॉलोअपला आला नाही."